शहाण्याने पायरी चढावी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली, तो बहुधा स्वतःचा खटला हरून घरी परतत असावा. भावाभावांनी बांधावरच्या एका झाडासाठी वीस वर्षे भांडू नये आणि वकिलांच्या पोरांची लग्ने आपल्या पैशाने लावून देऊ नयेत, एवढाच त्या म्हणीचा मूळ अर्थ. तो शहाणपणाचाच आहे. परंतु आपण मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनी त्या म्हणीचा अर्थ ताणत ताणत कुठल्या कुठे नेऊन ठेवला आहे. आज तिचा व्यवहारातला अर्थ असा झाला आहे की, कोणी डोळे वटारले की खिशात हात घालावा, पैसे मोजावेत, घरी येऊन दार लावावे आणि 'सुटलो बाबा' म्हणून देवापुढे साखर ठेवावी. माझे आजचे भांडण या अर्थाशी आहे.

भांडणाला निमित्त आहे ते जुन्या वस्तूंच्या नव्या बाजाराचे. पूर्वी जुनी सायकल घ्यायची तर आपण शनिवार खुटाच्या आसपास दोन दुकाने फिरत असू, ओळखीचा मिस्त्री बरोबर नेत असू. आता मोबाइलवर बोट फिरवले की कोल्हापूरची स्कूटर, हुबळीचा फ्रीज, पणजीचा सोफा आणि पुण्याचा संगणक एकाच पडद्यावर दिसतो. सोय मोठी आहे, यात शंका नाही. ज्याला नवी वस्तू परवडत नाही त्याच्या घरी या बाजारामुळे वस्तू आली आहे. माझ्या शाळेतल्या कित्येक मुलांचे मोबाइल, सायकली, अभ्यासाची टेबले याच वाटेने आलेली आहेत. तेव्हा 'हे सगळे मोबाइलचे खूळ' असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. बाजार नवा आला, पण त्यात वागण्याची रीत आपण शिकलो नाही. आणि जुनी जी रीत होती, तीही सोडून दिली.

ती जुनी रीत किती पक्की होती पाहा. आमच्या आजोबांच्या पिढीतला निरक्षर शेतकरी बैल घ्यायला बाजारात जाई, तेव्हा आधी बैलाचे दात पाही, मग त्याला चालवून पाही, जमल्यास नांगराला जुंपून पाही. रुमालाखाली बोटे धरून सौदा होई, पण सौदा ठरताना दोन माणसे साक्षीला उभी असत, आणि बैलाचे दावे हातात घेण्याआधी बाजाराची पावती फाडलेली असे. बैल विकणारा कोणत्या गावचा, कोणाचा कोण, हे चौघांना ठाऊक असे. आज पदवीधर मुलगा पस्तीस-चाळीस हजारांची गाडी घेतो आणि विकणाऱ्याचे पूर्ण नावही त्याला धड सांगता येत नाही. फोनमध्ये त्याने ते 'गाडीवाला' म्हणून साठवलेले असते!

आता प्रत्यक्ष घडलेली गोष्ट सांगतो. व्यक्तींची नावे मुद्दाम देत नाही. कोणाला उजेडात आणणे हा माझा उद्देश नाही.

माझा एक माजी विद्यार्थी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला आहे. पाळी रात्री सुटते, तेव्हा बस नसते. म्हणून त्याने एका संकेतस्थळावर जाहिरात पाहून कोल्हापूरच्या एका गृहस्थाकडून जुनी स्कूटर घेतली. ठरले अडतीस हजार. पस्तीस हजार त्याने बँक खात्यातून मोबाइलवरून पाठवले. तीन हजार 'ना हरकत दाखला' हातात आल्यावर द्यायचे ठरले. गाडी, किल्ली आणि नोंदणी पुस्तक त्याला मिळाले. दाखला आठ दिवसांत देतो, असे विकणाऱ्याने सांगितले. आठाचे वीस दिवस झाले. मग फोन आला की, दाखला हवा असेल तर आणखी पंधरा हजार टाक. मुलाने विचारले, कशाचे? त्यावर जे आले ते मी त्याच्या फोनमध्ये स्वतः वाचले आहे. "लई शानपणा करू नको. गाडी माझ्या नावावर हाय. उद्या चोरीची कंप्लेंट देतो, आत बसशील. कुठं कामाला जातोस ते बी म्हाईत हाय." त्यानंतर दिवसाला दहा-दहा फोन.

मुलाचे वडील माझ्याकडे आले ते सल्ला विचारायला नव्हे, पैसे उसने मागायला! "सर, देऊन टाकतो पंधरा हजार. पोराची नोकरी नवी आहे. पोलीस दारात आले तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही." चाळीस वर्षे घाम गाळून अब्रूने जगलेला हा माणूस. चोरी त्याच्या मुलाने केलेली नाही, फसवणूक केलेली नाही, उलट पैसे मोजलेले आहेत. तरी पोलीस दारात येण्याची लाज यालाच! आणि जो उघड उघड धमकी देतो आहे तो मात्र निर्धास्त. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. परंतु त्या बोंबांना एवढी किंमत कोणी आणून दिली? आपण. आपल्या या भित्र्या अब्रूने.

शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला तेव्हा माझ्या सहकाऱ्यांनी जे सल्ले दिले ते ऐकून मला अधिकच वाईट वाटले, कारण ती सगळी शिकलेली माणसे. एकजण म्हणाले, नंबर बंद करून टाका. दुसरे म्हणाले, ते घाणेरडे मेसेज आधी पुसून टाका, घरच्यांनी पाहिले तर काय म्हणतील. तिसऱ्यांचे म्हणणे, कोल्हापुरात माझ्या मेव्हण्याची ओळख आहे, त्याला 'समज' देऊ. चौथे म्हणाले, काय करायचे ते करा, पण लेखी काही करू नका. या चार सल्ल्यांत आपल्या समाजाचे चारही आजार आले: पळणे, लपवणे, ओळखीवर विसंबणे आणि लेखणीला भिणे.

एकेक आजार घेऊ.

पळण्याचे पाहा. धमकी देणाऱ्याचा हिशोब अगदी साधा असतो. दहाजणांना धमकावले तर तीन-चारजण देतात, बाकीचे नंबर बंद करतात, तक्रार कोणीच करत नाही. ज्या धंद्यात तोटा शक्यच नाही तो धंदा कोण सोडेल? जो पंधरा हजार देतो तो स्वतःची सुटका विकत घेतो अशी त्याची समजूत असते. खरे म्हणजे तो पुढच्या माणसाच्या गळ्याचा फास विकत आणून देतो. शिवाय त्याची स्वतःचीही सुटका होत नाही. ज्याने एकदा पंधरा दिले तो आणखी दहा देईल, हे समोरच्याला कळून चुकलेले असते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, ही म्हणही आपलीच आहे. पायरीची म्हण तेवढी आपण पाठ केली आणि ही विसरलो.

मेसेज पुसण्याचे पाहा. ज्या शब्दांची आपल्याला लाज वाटते, ते शब्द आपले नाहीत. ते धमकी देणाऱ्याच्या हातचे आहेत आणि तोच त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे. पूर्वी दम तोंडी दिला जाई. साक्षीदार फिरला की संपले. आज धमकी देणारा स्वतः लिहून, तारीख-वेळ टाकून, आपल्या नंबरावरून ती पाठवतो. एवढा आज्ञाधारक गुन्हेगार आपल्या पूर्वजांना कधी भेटला नव्हता! आणि आपण काय करतो, तर तो पुरावा स्वतःच्या हाताने पुसतो. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा इलेक्ट्रॉनिक मजकूर, योग्य त्या प्रमाणपत्रासह, पुरावा म्हणून दाखल करता येतो. म्हणून मेसेज पुसायचा नाही, फोन विकायचा नाही, पैसे पाठवल्याची नोंद, मूळ जाहिरात, विकणाऱ्याचा नंबर या सगळ्याची छायाचित्रे काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवायची, आणि एका वहीत तारीखवार टिपण ठेवायचे. हे काम सातवीतल्या मुलालाही जमण्यासारखे आहे.

ओळखीतून 'समज' देण्याबद्दल तर काय बोलावे! त्याने चार माणसे पाठवण्याची धमकी दिली तर तो गुंड, आणि आपण मेव्हण्याचे चार मित्र पाठवले तर ती समज? दुसऱ्याच दिवशी तक्रारदार तो होईल आणि आरोपी आपण. हातची बाजू घालवण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. धमकीला उत्तर म्हणून शिवी गेली तरी नुकसान आपलेच. एकदाच, शांतपणे, लेखी उत्तर द्यावे: ठरलेली रक्कम इतकी, दिली इतकी, उरली इतकी, दाखला मिळताच उरलेली रक्कम देऊ, यापुढचे बोलणे लेखी करावे. यानंतर गप्प बसावे.

आणि चौथा आजार, लेखणीला भिण्याचा. इथे मी शिक्षक म्हणून बोलतो. आपण मुलांना दहा वर्षे पत्रलेखन शिकवतो. सहलीला परवानगी मागणारे पत्र, मामाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे पत्र, पुस्तके मागवणारे पत्र. पण 'मला अमुक दिवशी अमुक माणसाने अमुक शब्दांत धमकी दिली, तरी नोंद घेऊन पोच द्यावी' हे पाच ओळींचे पत्र आपण एकाही इयत्तेत लिहून घेत नाही. मग पंचविसाव्या वर्षी त्या मुलाचा हात थरथरला तर नवल ते काय?

आता त्या धमकीत दम किती होता ते पाहू, कारण धमकीचे निम्मे बळ आपल्या अज्ञानात असते.

'चोरीची तक्रार देतो' ही तिच्यातली मुख्य गोम. चोरी कशाला म्हणतात? मालकाच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने वस्तू नेणे म्हणजे चोरी. ज्याने स्वतः किल्ली दिली, नोंदणी पुस्तक दिले, पस्तीस हजार खात्यात घेतले, त्याची वस्तू चोरीला गेली कशी? १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे, उभय पक्षांचा हेतू असेल त्या वेळी मालकी खरेदीदाराकडे जाते. सरकारी दप्तरातले नाव बदलणे हा पुढचा विषय. मात्र तो अतिशय महत्त्वाचा विषय आहे, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे. खोटी फिर्याद देईन म्हणणाऱ्याला हेही ठाऊक नसते की, सरकारी नोकराला खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे आणि एखाद्यावर जाणूनबुजून खोटा आरोप करणे हा कलम २४८ खाली. ज्या विहिरीत तो आपल्याला ढकलू पाहतो तिच्या काठावर तो स्वतःच उभा असतो.

शरीराला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी देऊन एखाद्याला घाबरवणे किंवा जे करण्यास तो बांधील नाही ते करायला लावणे, याला आपल्या जुन्या दंडसंहितेच्या मराठी भाषांतरात 'फौजदारीपात्र धाकदपटशा' असा भारदस्त शब्द होता. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन न्याय संहिता आली. तीत हा गुन्हा कलम ३५१ मध्ये आहे. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत, ठार मारण्याच्या किंवा जबर दुखापतीच्या धमकीला सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. आणि भीती घालून पैसे उकळणे म्हणजे खंडणी, कलम ३०८. पैसे प्रत्यक्ष दिले गेले नसले, तरी ते उकळण्यासाठी भीती घालणे हाही त्याच कलमाखाली वेगळा गुन्हा आहे. खंडणी म्हटले की आपल्याला मुंबईचे टोळीवाले आठवतात. पंधरा हजारांसाठी स्कूटरचा दाखला अडवून धमकावणारा पांढरपेशा गृहस्थ आपल्याला खंडणीखोर वाटत नाही. कायद्याला मात्र तो तसा दिसू शकतो.

आता सीमाभागातल्या आपल्या खास दुखण्याकडे वळतो. आम्ही अर्ज घेऊन एका पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा पहिले उत्तर मिळाले ते अपेक्षितच: "माणूस कोल्हापूरचा, गाडी कोल्हापूरची, तिकडे जा." कोल्हापुरात गेलो असतो तर ऐकावे लागले असते की, मुलगा बेळगावचा, फोन बेळगावात आला, तिकडे जा. सीमेवरच्या माणसाचा हा चेंडू वर्षानुवर्षे असाच टोलवला जातो. परंतु नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता स्पष्ट लिहिले आहे की, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्याने घेतलीच पाहिजे. हिलाच लोक 'झीरो एफआयआर' म्हणतात. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. ठाण्याने नोंद नाकारली तर तीच खबर टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ सालीच सांगून ठेवले आहे. हद्दीचे कारण सांगणाऱ्या अधिकाऱ्यापुढे आवाज चढवण्याची गरज नसते. कलमाचा आकडा लिहिलेला अर्ज टेबलावर ठेवावा, आणि पोच मागावी. आम्ही तेवढेच केले.

दुसरे दुखणे भाषेचे. "अर्ज कन्नडमध्ये लिहावा लागेल, आपल्याला कुठे येते," हे वाक्य मी या भागात इतक्या वेळा ऐकले आहे की, ते आता मला कारण न वाटता निमित्त वाटू लागले आहे. घटनेचा अनुच्छेद ३५० काय सांगतो? कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे. मराठी ही त्यांतली एक भाषा आहे. अर्ज मराठीत देता येतो. उत्तर कदाचित कन्नडमध्ये येईल, ते शेजाऱ्याकडून वाचून घ्यावे. आम्ही अर्ज मराठीत लिहिला आणि आमच्या शाळेच्या कन्नड शिक्षकांनी सौजन्याने त्याची कन्नड प्रत करून दिली, ती सोबत जोडली. हक्क म्हणून मराठी, सोय म्हणून कन्नड. यात कोणाची मान खाली गेली नाही.

इथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. धमकी देणारा मराठी होता. अस्खलित, आपल्या कोल्हापुरी मराठीत तो धमक्या देत होता. आणि अर्ज वाचून, मुलाला खुर्ची देऊन, स्वतःच्या फोनवरून त्या गृहस्थाला चार शब्द सुनावणारा हवालदार कन्नड बोलणारा होता. आपला माणूस म्हणून आंधळा विश्वास टाकण्याची आणि परका म्हणून आधीच हात टेकण्याची आपल्याला जी सवय आहे, तिची किंमत आपणच मोजतो. या भागात फसवणाऱ्यांना ही सवय चांगली ठाऊक आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे. सैनिकाबद्दल इथल्या घराघरांत आदर आहे. नेमका त्याचाच फायदा घेऊन 'मी सैन्यात आहे, बदली झाली म्हणून घाईने विकतोय' असे सांगणारे भामटे देशभर सुळसुळाट करून आहेत. वर्दीतल्या छायाचित्राला सलाम जरूर करावा, पण वस्तू पाहिल्यावाचून पैसे पाठवू नयेत. 'पैसे मिळवण्यासाठी' कोणी गुप्त आकडा टाकायला सांगितला, तर ते आपल्या खात्यातून पैसे नेण्यासाठीच असते, हे आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ठाऊक हवे. असे पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. वेळ जितका कमी गेला असेल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि कोणी प्रत्यक्ष दारात येऊन उभा राहिला तर ११२.

परखडपणे बोलायचे तर आपल्याच घरातल्या एका काटकसरीबद्दलही बोलले पाहिजे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या रस्त्यांवर महाराष्ट्र आणि गोव्याचे क्रमांक असलेल्या कितीतरी गाड्या वर्षानुवर्षे फिरत असतात. विकत घेतल्या, पण नावावर केल्या नाहीत. का? तर इथला कर भरावा लागतो, दोन कार्यालयांच्या खेपा घालाव्या लागतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते की, मालकी बदलल्याची वर्दी विकणाऱ्यानेही द्यायची आहे आणि घेणाऱ्यानेही. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर कलम ४८ प्रमाणे मूळ कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. हे सगळे टाळून वाचवलेले काही हजार म्हणजे समोरच्याच्या हातात स्वतः दिलेली काठी. सरकारी दप्तरात नाव त्याचे, तोवर 'गाडी माझी आहे' म्हणण्याची संधी त्याची.

मात्र ही काठी दुधारी आहे, हे विकणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. अपघात झाला तर, गाडी दुसऱ्याच्या हाती दिलेली असली तरी, दप्तरात ज्याचे नाव तोच मालक धरून नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. म्हणजे जो दाखला अडवून धमकावतो, तो रोज रात्री स्वतःच्या डोक्यावर दुसऱ्याच्या अपघाताचा धोंडा घेऊन झोपतो. आमच्या मुलाने पाठवलेल्या वकिली नोटिशीत हा एक परिच्छेद होता, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सर्व परिच्छेदांत तोच अधिक लागू पडला! हवालदाराच्या फोनने धमक्या त्याच दिवशी थांबल्या होत्या. नोटिशीनंतर सातव्या आठवड्यात दाखला आला. मुलाने ठरलेले तीन हजार बँकेतून पाठवले. पंधरा हजारांतला एक रुपयाही दिला नाही. नोटिशीचा खर्च आणि दोन दिवसांची रजा एवढेच त्याचे गेले.

'पण मास्तर, प्रत्येकाला असा शेवट लाभेल का?' असे कोणी विचारील. नाही लाभणार. कुठे अधिकारी पोच देणार नाही, कुठे विकणाऱ्याचा पत्ताच खोटा निघेल, कुठे पैसे बुडतील. धंदा म्हणून जुन्या वस्तू विकणारा असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण स्वतःची जुनी वस्तू एकदाच विकणाऱ्या घरगुती माणसाविरुद्ध ही वाट सहसा उपयोगी पडत नाही, तिथे दिवाणी मार्गच उरतो आणि तो लांबचा आहे. हे मी झाकून ठेवत नाही. परंतु पैसे बुडणे आणि पाठीचा कणा बुडणे यांत फरक आहे. पैसे बुडाले तर माणूस पुन्हा कमावतो. बापाने मुलादेखत धमकीला पैसे मोजले, तर तो मुलगा आयुष्यभर मोजत राहतो.

आणि त्या संकेतस्थळांचे काय? जाहिरातीतून, कमिशनातून कमाई करायची आणि भांडण झाले की 'आम्ही केवळ मध्यस्थ' म्हणून हात झटकायचे, हा त्यांचा खाक्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने मध्यस्थाला संरक्षण दिले आहे हे खरे; पण ते अटींसह दिले आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार-अधिकारी नेमणे आणि त्याचे नाव-पत्ता जाहीर करणे त्यांना भाग आहे. त्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, धमकी देणाऱ्याचे खाते कळवावे. आठवडी बाजारात सुद्धा दंगा करणाऱ्याला बाजाराबाहेर काढण्याची रीत होती. लाखो जाहिराती छापणाऱ्यांनी तेवढेही करू नये, आणि आपण त्यांना साधे विचारूही नये?

दिवाळीत घरोघर जुने विकून नवे घेण्याचे बेत चालतात. माझी विनंती एवढीच, वाचकहो, की यंदा व्यवहार करताना घरातल्या मोठ्या मुला-मुलीला शेजारी बसवा. वस्तू दिवसाउजेडी, चारचौघांत पाहा. गाडी असेल तर तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का ते परिवहन खात्याच्या नोंदीत तपासा. एका कागदावर दोघांची नावे, पत्ते, वस्तू, रक्कम, दाखल्याची मुदत लिहा; दोघांनी सह्या करा, दोन साक्षीदार घ्या. विकणारे तुम्ही असाल तर हाच कागद तुमचेही रक्षण करील, कारण धमकावणारे खरेदीदारही काही कमी नाहीत. आणि एवढे करूनही कोणी दम दिलाच, तर त्याच मुलाला म्हणा, 'चल, वही घे, तारीख टाक.'

आमच्या शाळेत या वर्षापासून नववीच्या पत्रलेखनात मी तक्रारअर्ज घातला आहे. अभ्यासक्रमात नाही, परीक्षेत येणार नाही, याची मला जाणीव आहे. पहिल्याच तासाला एका मुलीने विचारले, "सर, पण पोलीस रागावले तर?" मी तिला सांगितले, अर्जाच्या खाली आणखी एक ओळ लिही: 'प्रत माहितीसाठी जिल्हा पोलीस अधीक्षकांना.' वर्ग हसला. हसत हसत सगळ्यांनी ती ओळ वहीत लिहून घेतली.

शहाण्याने पायरी चढू नये, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: शहाणे खाली उभे राहिले म्हणून पायऱ्या मोकळ्या राहत नाहीत. त्यांवर मग दुसरेच कोणीतरी पाय पसरून बसते.